सिस्टर, कुणाला सांगू नका

मोहल्ल्यातली एखादी मुलगी नर्सिंगला लागली असे कळले, की आपल्याकडे काही ठरावीक प्रश्न विचारले जातात. रात्रपाळी असते का? पुरुषांच्या वॉर्डात जावे लागते का? डोक्यावर स्कार्फ घेऊ देतात का? हॉस्टेल कसे आहे? पगार किती मिळेल, हे सर्वांत शेवटी आणि जरा हळू आवाजात. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दरवर्षी बारावीनंतर आमच्या चार-दोन मुली जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगला जातात आणि त्यांच्या अम्मींचे हे प्रश्न आधी आमच्याकडे येतात. त्यात वावगे काही नाही. पण माझ्या मुलीच्या कानावर तिथे शंभर घरांच्या गोष्टी पडतील, त्या पोटात ठेवायला तिला कोण शिकवणार, असे आजवर एकीनेही विचारलेले नाही.

हा प्रश्न किती मोठा आहे, ते रुग्णाच्या बाजूने पाहिले की समजते. आमच्या एका विद्यार्थिनीच्या आईने छातीतली गाठ आठ महिने लपवली. पैसे नव्हते म्हणून नव्हे, की दवाखाना लांब होता म्हणूनही नव्हे. जवळच्या रुग्णालयात त्यांच्याच गल्लीतली एक बाई कामाला होती. तिला कळले म्हणजे संध्याकाळपर्यंत गल्लीला कळणार, आणि घरात दोन मुलींची लग्ने ठरायची होती. शेवटी बाईंनी दुसऱ्या शहरात जाऊन इलाज करून घेतला, तोही उशिरा. अशी उदाहरणे आपल्या प्रत्येक वस्तीत सापडतील. क्षयाची औषधे पिठाच्या डब्यात लपवणारी सून, रक्त तपासायला परक्या गावी जाणारा तरुण. बोलण्याच्या भीतीने माणसे आजार वाढवून घेतात. म्हणून गेल्या वर्षी सुटीत घरी आलेल्या आमच्या माजी विद्यार्थिनींना, त्यांच्या दोन ट्यूटर बाईंना आणि एका निवृत्त मेट्रनना आम्ही हाच प्रश्न विचारत राहिलो: रुग्णाचा पर्दा राखायला तुम्हाला नेमके कसे शिकवतात?

सुरुवात शपथेने होते. पहिल्या वर्षी दीपप्रज्वलनाचा कार्यक्रम असतो. पांढऱ्या गणवेशात हातात दिवा घेऊन मुली, आणि आता बरीच मुलेही, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाची प्रतिज्ञा म्हणतात. ही प्रतिज्ञा नाइटिंगेलबाईंनी स्वतः लिहिलेली नाही. ती १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकाराने तयार झाली. कामाच्या निमित्ताने रुग्णाची आणि त्याच्या घरची जी माहिती हाती येईल ती गुप्त ठेवीन, असे तिच्यात येते. नाइटिंगेलबाईंचे स्वतःचे मत याहून कडक होते. १८५९ मध्ये निघालेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या त्यांच्या पुस्तकात परिचारिका गप्पिष्ट असता कामा नये आणि विचारण्याचा हक्क ज्याला आहे त्याच्याखेरीज कुणालाही तिने रुग्णाविषयी उत्तर देऊ नये, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. ज्या लष्करी रुग्णालयामुळे त्यांचे नाव झाले ते इस्तंबूलच्या उस्कुदार भागात होते, हेही आपल्या वाचकांना जाता जाता सांगावेसे वाटते.

त्यांच्याआधी बारा शतके मदीनेत रुफैदा अल-अस्लमिया यांनी जखमींसाठी तंबू उभारला होता. खंदकच्या लढाईत जखमी झालेले हजरत सअद बिन मुआज यांना प्रेषितांनी (स.) याच तंबूत ठेवायला सांगितले होते. दिल्लीच्या जामिया हमदर्दमधील नर्सिंग कॉलेजला रुफैदांचे नाव दिलेले आहे. आमच्या मुलींपैकी दोघींना ते नाव नर्सिंगला जाईपर्यंत माहीत नव्हते. शाळेच्या पुस्तकात ते नसते, हे आम्हाला ठाऊक आहे.

शपथ घेणे एका दिवसाचे काम. खरे शिक्षण सुरू होते ते स्किल लॅबमध्ये.

खाटेवर एक रबरी पुतळा निजवलेला असतो. मुलींनी त्याला स्पंज द्यायचा, म्हणजे खाटेवरच अंग पुसून काढायचे. बाहेरच्याला वाटेल, यात शिकण्यासारखे काय आहे? पण पहिल्यांदा हे काम करणारी मुलगी हमखास काय करते, तर रुग्णाचे सगळे कपडे काढून मोकळी होते आणि मग पाणी आणायला जाते. ट्यूटर तिथेच थांबवतात. आधी पाणी, साबण, टॉवेल, कोरडे कपडे सगळे जवळ आणून ठेव. मग रुग्णाला सांग, मी काय करणार आहे ते. हो म्हणाली का बघ. खिडकी लाव, पडदा ओढ, पंखा कमी कर. अंगावर मोठी चादर घाल आणि तिच्या आतून कपडे काढ. आता एक हात बाहेर घे, पूस, कोरडा कर, झाक. मग दुसरा. एका वेळी अंगाचा एकच भाग उघडा असला पाहिजे. शेवटी, रुग्णाचा हात चालत असेल तर ओले फडके तिच्या हातात दे, गुप्तांगे तिची तिला धुऊ दे, आणि तेवढा वेळ मान वळवून उभी राहा. मान वळवणे हेसुद्धा शिकवावे लागते, असे एक ट्यूटर आम्हाला म्हणाल्या. नवीन मुलगी मदतीच्या उत्साहात बघत राहते.

पुतळ्यावर हात बसला की ट्यूटर पुतळा बाजूला करतात आणि मुलींनाच आळीपाळीने खाटेवर झोपायला सांगतात. कपडे अंगावरच असतात, पण तोंड धुणे, केस विंचरणे, कूस वळवणे, बेडपॅन खाली सरकवणे हे सगळे वर्गमैत्रिणी एकमेकींवर करतात. आमची एक विद्यार्थिनी सांगत होती, की खाटेवर आडवी झाल्यावर पहिल्यांदा तिला कळले, वर उभा असलेला माणूस किती उंच दिसतो. डोक्यावरचा स्कार्फ सरकला तेव्हा तो सावरायला हात मोकळा नव्हता, कारण मैत्रिणीने तो रक्तदाब मोजायला धरला होता. त्या दिवसापासून कुणाच्याही डोक्यावरच्या पदराला हात लावण्याआधी ती विचारते. पुस्तकाच्या दहा पानांनी जे झाले नसते ते त्या पाच मिनिटांनी झाले.

पडद्याचेही एक शास्त्र आहे. खाटेभोवती पडदा ओढलेला असेल तर तो दार समजायचा. बाहेर थांबून आपले नाव सांगायचे, येऊ का विचारायचे, उत्तर आले की मग आत जायचे. हे ऐकताना आम्हाला सूरह नूर आठवली. दुसऱ्याच्या घरात इजाजतीशिवाय जाऊ नये हे तर तिच्यात आहेच, पण घरातल्या लहान मुलांनीसुद्धा तीन वेळांना विचारून आत यावे असेही आले आहे: फज्रच्या आधी, दुपारी विश्रांतीसाठी कपडे उतरवलेले असतात तेव्हा आणि इशानंतर. आपण ही आयत मुलांना पाठ करून घेतो. वॉर्डात तिचा उपयोग दिवसाचे चोवीस तास आहे, कारण तिथे माणूस सदा अर्ध्या कपड्यांत असतो. एखादा डॉक्टर किंवा ब्रदर येणार असेल तर आधी जाऊन बायकांना सांगायचे, की जरा सावरून घ्या. याला अर्धे मिनिट लागते.

मुंबईच्या कामा रुग्णालयाचा इतिहास इथे सांगण्यासारखा आहे. पुरुष डॉक्टरांसमोर जायला तयार नसलेल्या बायका, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत, घरातच मरत होत्या. पारशी व्यापारी पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ मध्ये केवळ स्त्रिया व मुलांसाठी हे रुग्णालय उघडले आणि ते स्त्री डॉक्टरांच्या हाती सोपवले. तिथे काम करायला इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पेची यांनी परिचारिकांचे प्रशिक्षणही सुरू केले. म्हणजे आपल्याकडे स्त्रियांच्या आरोग्यसेवेला मोठी सुरुवात झाली तीच पर्द्याच्या प्रश्नावर उत्तर म्हणून. पर्दा मागणारी बाई अडाणी, असे आजही कुणी वॉर्डात पुटपुटले तर त्याला ही हकिकत ऐकवावी.

शरीराचा पडदा राखणे हात शिकतात. जीभ शिकायला त्याहून वेळ लागतो.

पाळी बदलताना जुनी परिचारिका नवीला प्रत्येक रुग्णाची हकिकत सांगते. हे खाटेपाशीच होते आणि तसेच व्हायला हवे, कारण रुग्ण डोळ्यांसमोर असतो. पण शेजारची खाट तीन फुटांवर असते. मुलींना शिकवतात, की सलाइन, ताप, जखम, पथ्य एवढे खाटेपाशी बोला. जे नाजूक आहे ते केस पेपरवर बोट ठेवून दाखवा किंवा टेबलापाशी जाऊन हळू सांगा. केस पेपर कधीही खाटेवर उघडा ठेवायचा नाही. वर्गात एखाद्या रुग्णाची केस मांडायची असते तेव्हा नाव लिहायचे नाही, आद्याक्षर किंवा खाट क्रमांक लिहायचा. एका मुलीने नाव गाळले, पण गाव, नवऱ्याचा धंदा आणि जुळ्या मुली झाल्याचे लिहिले. ट्यूटरनी वही परत केली. जुळ्या मुलींची आई त्या गावात एकच होती.

मग येते शेअर रिक्षा. सगळ्या ट्यूटर बाई रिक्षाचे नाव का घेतात हे आम्हाला आधी समजले नाही. मुली सहा तास वॉर्डात असतात, तिथे बोलत नाहीत, आणि रिक्षात बसल्या की तोंड उघडतात. “आज ती विहिरीत उडी मारलेली आली ना...” रिक्षात पुढे बसलेला माणूस तिचा दीर असू शकतो. लहान गावात तो असतोच. लिफ्ट, कँटीन, हॉस्टेलची गॅलरी, घरी आईला केलेला फोन, सगळ्याला हाच नियम. पण या वयाच्या मुलीने पहिल्यांदा मृत्यू पाहिलेला असतो, जळालेली बाई पाहिलेली असते. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला झोप येणार नाही. यावर त्या निवृत्त मेट्रननी दिलेले उत्तर आम्हाला पटले. त्या मुलींना सांगत, की तुम्हाला काय वाटले ते आईला सांगा, रडा, पण रुग्ण कोण होता हे सांगू नका. आणि ज्यांना सगळेच सांगायची गरज आहे त्यांनी माझ्याकडे या, मला तो रुग्ण आधीच माहीत आहे. आपल्या घरातल्या अम्मींनीही एवढे जाणावे. मुलगी सुटीत आली, की “तिकडे अमक्याची सून ॲडमिट होती म्हणे, काय झालं होतं तिला?” असे चहाबरोबर विचारणे म्हणजे तिला शपथ मोडायला लावणे आहे. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याची खोड काढत फिरणे आणि पाठीमागे बोलणे या दोन्हींना एकाच आयतीत मनाई आहे, हे आपण जाणतोच.

नातेवाइकांचे प्रकरण सर्वांत अवघड. आपल्याकडे आजार एकट्याचा नसतो, तो खानदानाचा असतो. रुग्णाभोवती सासू, नणंद, मामू, शेजारीण, सगळे गोळा होतात, आणि प्रत्येकाला वाटते की आपल्याला विचारायचा हक्क आहे. शिकाऊ परिचारिका वयाने लहान, विचारणारी बाई आजीच्या वयाची. उत्तर नाकारणे बेअदबी वाटते. म्हणून वर्गात नाटुकली करून घेतात. एक मुलगी सासू होते, एक सून, एक परिचारिका. सासू हात धरते, दुआ देते, रागावते, शेवटी रडते. परिचारिकेने अदब न सोडता म्हणायचे असते, “खाला, त्यांची तब्येत कशी आहे ते त्यांनाच विचारा ना, नाहीतर डॉक्टरसाहेब राउंडला येतील तेव्हा भेटा.” वाक्य सोपे आहे. न अडखळता म्हणायला पंधरा वेळा म्हणावे लागते.

टेलिफोनचे तर एक जगजाहीर उदाहरण शिकवता येईल. डिसेंबर २०१२ मध्ये लंडनच्या किंग एडवर्ड सातवा रुग्णालयात इंग्लंडच्या राजघराण्यातील गरोदर सून दाखल होती. पहाटे फोन आला. ऑस्ट्रेलियातील एका रेडिओ केंद्राच्या दोन निवेदकांनी राणी आणि राजपुत्र यांचे सोंग घेतले होते. त्या वेळी स्वागतकक्षात कुणी नव्हते, म्हणून फोन एका परिचारिकेने उचलला. ती मूळची आपल्या शेजारच्या कर्नाटकातली. तिने तो वॉर्डात जोडून दिला आणि तिथल्या दुसऱ्या परिचारिकेने रुग्णाची हकिकत सांगितली. थट्टा म्हणून ती रेडिओवर ऐकवली गेली, जगभर हशा झाला. तीन दिवसांनी ती पहिली परिचारिका मृतावस्थेत सापडली. तिने आत्महत्या केल्याचे पुढे चौकशीत नोंदले गेले. तिच्याकडून कोणतीही माहिती फुटली नव्हती. थट्टा करणाऱ्यांच्या निर्दयपणाबद्दल बोलावे तेवढे थोडे आहे. आपल्याकडच्या वॉर्डांत राणीचा फोन येत नाही, “मी तिचा चुलतभाऊ बोलतोय” असा येतो. फोनवर आवाजाला चेहरा नसतो, म्हणून फोनवर काहीच सांगायचे नाही, नंबर लिहून घ्यायचा आणि रुग्णाला विचारायचे, हा धडा त्यातून निघतो.

काही आजारांची बदनामी आजारापेक्षा जास्त मारते. एचआयव्ही हा त्यातला पहिला. पूर्वी काही ठिकाणी अशा रुग्णाच्या खाटेला पाटी लावत किंवा केस पेपरवर मोठ्या लाल अक्षरांत लिहीत. आता शिकवतात ते असे, की प्रत्येकाचे रक्त संसर्गाचे असू शकते असे धरून चाला, हातमोजे सर्वांसाठीच घाला, सुई सर्वांच्याच बाबतीत जपून टाका. असे केले की पाटीची गरजच उरत नाही. एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायला त्याने मनाई केली आहे, न्यायालयाचा आदेश आणि उपचारासाठी दुसऱ्या वैद्यकीय कर्मचाऱ्याला सांगणे असे मोजके अपवाद सोडून. मग बायकोला धोका असेल तर? हा प्रश्न प्रत्येक वर्गात निघतो आणि आपल्या घरातही निघेल. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असाच दावा होता. रुग्णालयातून एका तरुणाची एचआयव्ही तपासणी उघड झाली आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. न्यायालयाने म्हटले, की गोपनीयतेचा हक्क आहे, पण ज्या मुलीशी लग्न व्हायचे होते तिचाही निरोगी जगण्याचा हक्क आहे, म्हणून रुग्णालयाला दोष देता येत नाही. नव्या कायद्याने यासाठी रीत घालून दिली आहे: जोडीदाराला सांगायचे ते फक्त डॉक्टरने किंवा समुपदेशकाने, आधी रुग्णाला समजावून, त्याला कल्पना देऊन, आणि समोरासमोर. परिचारिकेने नव्हे. दया येऊन सांगणेही तिच्या अधिकारात नाही. आमच्या एका विद्यार्थिनीला हे फार जड गेले. पण डॉक्टरांना जाऊन सांगणे तिच्या हातात होते, ते तिने केले.

क्षयाचे वेगळे आहे. २०१२ पासून क्षयाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणे बंधनकारक आहे. सरकारी नोंदीत नाव जाते ते औषध नीट मिळावे आणि घरातल्यांची तपासणी व्हावी म्हणून. पण सरकारला कळवणे आणि शेजारणीला कळणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अठरा वर्षांखालील मुलगी गरोदर असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावेच लागते. अशा मुलीने गर्भपातासाठी डॉक्टरकडे आल्यावर विनंती केली, तर पोलिसांना द्यायच्या माहितीत डॉक्टरने तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. गर्भपात झालेल्या स्त्रीचे नाव फोडणे हा डॉक्टरसाठी शिक्षेचा गुन्हा आहे. गर्भपाताविषयी आपले शरई मत काहीही असो, दुसऱ्या बाईचे नाव चघळण्याची मुभा कोणत्याच मताने दिलेली नाही. आणि एक गुपित तर असे, की ते आईबापांनाही सांगायचे नाही: पोटातले बाळ मुलगा की मुलगी. १९९४ च्या कायद्याने ते बंद केले आहे, आणि सोनोग्राफीच्या खोलीत मदतीला उभ्या असलेल्या शिकाऊ मुलीला मिठाईचे आमिष दाखवून विचारणारे कमी नाहीत.

आता आमच्या मुलींच्या खास वाट्याला येणारी एक गोष्ट. वॉर्डात डॉक्टर मराठी किंवा इंग्रजी बोलतात, आणि मालेगाव-भिवंडीकडून आलेल्या एखाद्या बाईला उर्दू किंवा दखनीशिवाय काही येत नाही. मग दुभाष्या कोण? बहुधा बाईचा दहा-बारा वर्षांचा मुलगा, नाहीतर दीर. पाळी किती दिवसांपूर्वी आली हे आईने मुलाच्या तोंडून डॉक्टरला सांगायचे? ती सांगत नाही. “कुछ नहीं, बस कमजोरी है,” म्हणते, आणि केस पेपरवर अशक्तपणा लिहिला जातो. अशा वेळी उर्दू जाणणाऱ्या शिकाऊ मुलीला हाक मारतात. एका विद्यार्थिनीने सांगितलेला प्रसंग असा: तिने मुलाला पाणी आणायला पाठवले, पडदा ओढला आणि बाईच्या बोलीत विचारले. बाईने दोन वर्षांपासूनचे सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाली, “सिस्टर, मेरी सास को मत बोलना.” मुलीने डॉक्टरांना शब्दन् शब्द सांगितला, पुढे कुणालाही नाही. दुभाष्याची जीभ उसनी असते, असे त्यांच्या ट्यूटर म्हणतात. आमच्या मुलींना दोन भाषा येतात, याचा मोल लावावा असा उपयोग आम्हाला तरी याहून दुसरा दिसलेला नाही. परीक्षेत त्याला गुण नाहीत.

मोबाइलबद्दल थोडक्यात. वॉर्डात फोन वापरायला शिकाऊ मुलींना सहसा बंदी असते, पण बंदी आणि फोन दोन्ही खिशातच असतात. नवजात बाळाचा फोटो, मैत्रिणीबरोबरची सेल्फी, मागे खाटेवरची बाई आणि तिच्या उशाचा चार्ट. कुणाचा वाईट हेतू नसतो. फोटो मात्र परत घेता येत नाही. मानसिक रुग्णांच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्यात फोटो किंवा माहिती माध्यमांना देण्यावर स्पष्ट मनाई आहे. कोरोनाच्या काळात आपण सर्वांनी पाहिलेच, की नावापत्त्यांच्या याद्या व्हॉट्सॲपवर कशा फिरल्या, आणि आपल्या महाराष्ट्रात तर घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या हातावर शिक्के मारले गेले. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला लेखी सांगावे लागले, की बाधितांची नावे, वस्ती पसरवू नका आणि कोणत्याही समाजाला आजाराचे लेबल लावू नका. त्या दिवसांत लेबल कुणाला लागले हे या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. त्या वर्षी पहिल्या वर्षाला असलेली आमची एक मुलगी आज स्टाफ नर्स आहे. गोपनीयतेचे तिचे शिक्षण वर्गात कमी आणि मोहल्ल्यात जास्त झाले, असे ती म्हणते.

हे सगळे वाचून कुणी विचारेल, मग प्रत्यक्षात असे दिसत का नाही? रास्त आहे. चाळीस खाटांच्या वॉर्डात साठ रुग्ण, काही जमिनीवर, परिचारिका दोन आणि स्क्रीन एक. स्किल लॅबमध्ये शिकलेली मुलगी वॉर्डात येते आणि पाहते, की अनुभवी स्टाफ पडद्याशिवायच कॅथेटर घालते आहे, ओपीडीत नावाबरोबर आजारही मोठ्याने पुकारला जातो आहे. तिने वरिष्ठांना टोकायचे? पहिल्या वर्षाच्या मुलीला ते जमत नाही. बऱ्याच मुली सहा महिन्यांत तशाच होतात. काही होत नाहीत, आणि त्यांचे कौतुक आम्हाला जास्त वाटते. एकीने पडदा नाही म्हणून दोन चादरी सलाइनच्या दोन स्टँडना बांधल्या. दुसरी स्वतः खाटेकडे पाठ करून पडद्यासारखी उभी राहते. गर्दी हे कारण खरे आहे, पण मोठ्याने न बोलायला जागा लागत नाही आणि पैसाही लागत नाही, इथे मात्र आम्ही कुणाची सबब मानणार नाही.

रुग्ण म्हणून आपल्यालाही काही मागता येते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, तिच्यात गोपनीयता आहे आणि पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासत असताना दुसरी स्त्री हजर असण्याचा हक्कही आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. ती कुठे लावली आहे हे काउंटरवर विचारायला लाजू नका. बहुधा ती कॅलेंडरच्या मागे असते. भरती होताना सिस्टरला सांगून ठेवा, की माझी माहिती फक्त अमुक एका व्यक्तीला द्या. तपासणीच्या वेळी मुलाला, दिराला बाहेर पाठवा म्हणा. वॉर्डात तक्रार असेल तर इन्चार्ज सिस्टर, मग मेट्रन, मग वैद्यकीय अधीक्षक, अशी लेखी पायरीने जा. एचआयव्हीच्या बाबतीत कायद्याने प्रत्येक राज्यासाठी वेगळा लोकपाल सांगितला आहे. आणि अंग पुसायला किंवा ड्रेसिंगला कुणी आले, तर स्क्रीन मागा. एक तरी असतेच, कोपऱ्यात, सलाइनच्या रिकाम्या खोक्यांच्या मागे उभी करून ठेवलेली.